“हा कुठला रंग?” हा प्रश्न सगळ्यात शेवटी: खेळातून रंग शिकवण्याचा योग्य क्रम

अडीच वर्षांच्या मुलाला लाल ठोकळा दाखवून “हा कुठला रंग?” असं विचारलं, की ते ठामपणे “निळा!” म्हणतं. पिवळा दाखवला तरी “निळा!” घरच्यांना वाटतं, याला रंग कळतच नाहीत. पण नीट पाहा. ते “गाडी” म्हणत नाही, “दोन” म्हणत नाही. ‘कुठला रंग’ असं विचारलं की लाल, निळा, पिवळा या जातीतला शब्द म्हणायचा असतो, हे त्याला पक्कं कळलंय. कुठला शब्द कशाला लावायचा, एवढंच उरलंय. ते वेळेत उमगत नाही, याचं बहुतेक घरांत एकच कारण असतं: शिकवायला सुरुवातच शेवटच्या पायरीपासून झालेली असते.

खरा क्रम असा आहे. आधी जुळवणं, मग वेगळं करणं, मग नाव ऐकणं, मग नाव ऐकून वस्तू देणं आणि त्यानंतर स्वतः नाव सांगणं. लहान मुलांच्या गटात काम करताना मी पुन्हा पुन्हा हेच पाहते. मधली पायरी गाळली, की मूल नेमकं तिथेच अडखळतं आणि मोठी माणसं तोच प्रश्न आणखी मोठ्या आवाजात विचारू लागतात.

## आधी वयाचा अंदाज घ्या

डोळे फार लवकर तयार होतात. चार ते सहा महिन्यांचं बाळसुद्धा लाल आणि हिरव्यातला फरक पाहू शकतं. उशीर लागतो तो शब्दाला. चेंडू उचलता येतो, फेकता येतो, म्हणून ‘चेंडू’ हा शब्द लवकर बसतो. रंग मात्र सुटा हातात येत नाही. तो कायम कशाला तरी चिकटून येतो. त्यातच, नवा शब्द ऐकला की तो वस्तूचं किंवा आकाराचं नाव असणार, असं धरून चालण्याकडे या वयातल्या मुलांचा कल असतो.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये सुधारलेल्या विकासाच्या यादीत ३० महिन्यांच्या मुलाकडून एवढीच अपेक्षा आहे, की विचारल्यावर किमान एक रंग त्याने दाखवावा. काही रंगांची नावं स्वतः सांगणं त्या यादीत चौथ्या वर्षी येतं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला रंगांची नावं येत नाहीत, यात काळजीचं काहीही नाही. जुळवण्याचे खेळ दीड-दोन वर्षांपासून खुशाल सुरू करा. नावांची घाई करू नका.

## तयारी: इथेच निम्मं काम होतं

सामान. रंग सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या वस्तू घ्या. एकाच मापाचे ठोकळे, एकाच आकाराचे कपड्यांचे चिमटे किंवा जाड पुठ्ठ्याचे सारखे कापलेले चौकोन. लाल गाडी, निळा चेंडू आणि पिवळं बदक समोर ठेवून रंग शिकवता येत नाहीत. मुलाला तिथे गाडी, चेंडू आणि बदक दिसतं. तीन वस्तू तीन वेगळ्या प्रकारच्या असताना तुम्ही ‘लाल’ कशाला म्हणताय, हे त्याने कशावरून ओळखायचं?

माझ्या गटातल्या एका मुलाला घरी पिवळा रंग रबरी बदकावरून शिकवला होता, फक्त त्या एका बदकावरून. मी त्याच्यासमोर तीन ठोकळे ठेवले आणि म्हटलं, “पिवळा दे.” तो उठला, थेट खेळण्यांच्या फळीकडे गेला आणि तिथलं बदक घेऊन आला. ते बदक निळं होतं. त्याच्या लेखी ‘पिवळा’ हे बदकाचंच नाव होतं आणि त्या हिशेबाने त्याने अगदी बरोबर वस्तू आणली होती. चूक शिकवण्यात होती.

रंग किती? सुरुवातीला तीनच: लाल, निळा, पिवळा. हे तिन्ही एकमेकांपासून लांबचे आहेत. माँटेसरी पद्धतीतल्या रंगपाट्यांच्या पहिल्या पेटीतही याच तीन रंगांच्या जोड्या असतात, एकूण सहा पाट्या. लाल-केशरी-गुलाबी किंवा निळा-जांभळा असे जवळचे रंग पहिल्याच आठवड्यात एकत्र आणले, तर मूल गोंधळणारच. रंगही भरीव हवेत. लाल म्हणजे सरळ लाल, विटकरी किंवा राणी नको. निळा गडद घेतला तर तो काळ्याकडे झुकतो, म्हणून मधला निळा घ्या. प्रत्येक रंगाच्या निदान चार वस्तू जमवा.

चित्र असलेल्या वस्तू नकोत. ठोकळ्यावर कुत्र्याचं चित्र असेल, तर मूल कुत्रा पाहणार.

> सावधान: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी अमेरिकेत जो सुरक्षेचा नियम आहे, त्यातल्या तपासणीच्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते, असं धरलं जातं. घरी याहून थोडं मोठं माप धरा. टिश्यूच्या गुंडाळीच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती लहान मुलाच्या खेळात नको. मणी, बटणं, न फुगवलेले किंवा फुटलेले फुगे, लोहचुंबकाचे तुकडे आणि बटणासारख्या बॅटऱ्या असलेली खेळणी बाजूला काढा. कपड्यांच्या चिमट्यांची स्प्रिंग सैल नाही ना, हेही पाहा.

उजेड. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा. पिवळसर दिव्याखाली पांढरा आणि फिकट पिवळा सारखेच दिसू लागतात, गडद निळा काळा वाटतो. संध्याकाळी दिव्याखाली मूल चुकलं, तर ती चूक त्याची न धरता दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा पाहा.

घरातले शब्द ठरवून घ्या. हे जवळजवळ कुणीच करत नाही. आजी ‘तांबडा’ म्हणते, आई ‘लाल’ म्हणते, दादा ‘रेड’ म्हणतो. मुलाच्या कानावर एकाच रंगासाठी तीन शब्द येतात आणि ते तीन वेगळे रंग असावेत, असं वाटणं स्वाभाविक आहे. ‘केशरी’, ‘नारिंगी’ आणि ‘भगवा’ यांचंही तसंच. घरात एकदा बसून प्रत्येक रंगाचा एक शब्द पक्का करा आणि सगळ्यांनी काही महिने तोच वापरा. दोन भाषा ऐकत वाढणारी मुलं दोन्हीतले शब्द शिकतात, त्यात नुकसान नाही. पण एकाच खेळात, एकाच वाक्यात दोन्ही मिसळू नका. मराठी नाव पक्कं झालं, की इंग्रजी नाव त्याच क्रमाने वेगळं शिकवा. ते फार लवकर होतं.

आता मराठीतली एक खास अडचण. ‘लाल’ हा शब्द बदलत नाही: लाल ठोकळा, लाल वाटी, लाल फूल. पण निळा ठोकळा, निळी वाटी, निळं फूल, निळे मोजे, निळ्या डब्यात! आपल्याला हे सगळं एकच वाटतं. जे मूल तो शब्द पहिल्यांदाच पकडायला बघतंय, त्याच्यासाठी ही पाच वेगवेगळी रूपं आहेत. गुलाबी, केशरी, तपकिरी हे रंग ‘लाल’सारखे स्थिर. पिवळा, हिरवा, काळा, पांढरा, जांभळा मात्र बदलणारे. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत ज्यांना ‘तो’ म्हणतो अशाच वस्तू निवडा: ठोकळा, चिमटा, डबा, चौकोन. आणि वाक्य असं ठेवा, की रूप बदलणार नाही. “निळ्या डब्यात टाक” असं म्हणण्याऐवजी “हा डबा निळा. यात टाक.” निळी आणि निळं पुढे यायचेच आहेत, पण नाव बसल्यावर.

वेळ. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. मूल पोटभर जेवलेलं, झोप झालेली, तेव्हा. त्याने ठोकळे रचायला सुरुवात केली तर रचू द्या. खेळ तिथे संपला.

## टप्पा १: जुळवणं, एकही नाव न घेता

१. जमिनीवर एकरंगी, फिकट चटई किंवा चादर घाला. नक्षी नको.

२. दोन रंगांचे प्रत्येकी दोन ठोकळे घ्या, लाल आणि पिवळे. एक लाल आणि एक पिवळा थोड्या अंतराने समोर ठेवा.

३. तिसरा, लाल ठोकळा हातात घेऊन सावकाश पिवळ्याजवळ न्या, थांबा, मान हलवा. मग लालजवळ न्या आणि चिकटवून ठेवा. “हे सारखे!” एवढंच म्हणा.

४. चौथा ठोकळा मुलाच्या हातात द्या. काही बोलू नका.

‘सारखे’ हा इथला एकमेव शब्द आहे. याच खेळात लाल, पिवळा अशी नावं घेतली, तर एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात. दोन रंग जमले की तिसरा आणा. मग ठोकळ्यांऐवजी चिमटे घ्या आणि पुठ्ठ्याच्या चौकोनाला त्याच रंगाचा चिमटा लावायला द्या. बोटांनाही व्यायाम होतो. चिमटा उघडायला जड जात असेल, तर तुम्ही उघडून धरा. रंगाच्या खेळात हाताच्या ताकदीची परीक्षा घेऊ नये.

मोज्यांच्या जोड्या लावणं हा याच टप्प्यातला खेळ आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो, कारण मुलाला घरातलं खरं काम केल्याचं समाधान मिळतं. फक्त मोजे एकरंगी हवेत.

> तपासा: तीन रंगांच्या सहा वस्तू विस्कटून ठेवल्यावर, तुम्ही काही न बोलता मूल तिन्ही जोड्या लावतं का? सलग दोन-तीन दिवस लावत असेल, तर पुढे चला. नसेल, तर पुढची एकही पायरी घेऊ नका.

## टप्पा २: वेगळं करणं

जुळवताना दोन वस्तू असतात. इथे ढीग असतो. तीन रंगांचे प्रत्येकी चार ठोकळे मिसळून ठेवा आणि तीन उघडे डबे द्या. प्रत्येक डब्याला बाहेरून त्या रंगाचा कागद चिकटवा. पहिला ठोकळा प्रत्येक डब्यात तुम्हीच टाका.

या टप्प्यात मुलं एक गोष्ट हमखास करतात. सुरुवातीचे पाच-सहा ठोकळे बरोबर टाकतात आणि मग उरलेले सगळे एकाच डब्यात ओततात. पालक लगेच म्हणतात, “विसरला!” विसरलं नाही, कंटाळलं. ठोकळे कमी करा.

प्रत्येक रंगात वस्तूंचे दोन-तीन प्रकारही आता येऊ द्या: लाल ठोकळा, लाल चिमटा, लाल चौकोन. आकार वेगळा असूनही तिन्ही एकाच डब्यात जातात, हे हाताने केल्यावर ‘लाल’ म्हणजे ठोकळा नव्हे, हे मुलाला शब्दाशिवायच कळतं. बदकाची गोष्ट टाळायची असेल, तर ही पायरी गाळू नका. मूल आकारानुसार ढीग करू लागलं, तर तेही बरोबरच वर्गीकरण आहे. त्याला थांबवू नका. तो डाव पूर्ण होऊ द्या, मग रंगाचे डबे पुढे करून नवा डाव मांडा.

## टप्पा ३: नाव ऐकणं

आता नावं. रोज फक्त दोन रंग, आणि त्यांतला एक आधीच ओळखीचा झालेला.

१. लाल ठोकळा मुलाच्या हातात द्या. तो उलटापालटा करू द्या.

२. म्हणा, “हा ठोकळा लाल आहे.” थांबा. “लाल.”

३. निळा द्या. “हा ठोकळा निळा आहे. निळा.”

४. पुन्हा लाल. असं तीन-चार वेळा. बस्स.

“हा लाल ठोकळा” आणि “हा ठोकळा लाल आहे” यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात मूल आधी ठोकळ्याकडे पाहतं, ठोकळा कळतो, आणि मग उरलेला शब्द त्या ठोकळ्याच्या कुठल्या गुणाचा, हे शोधतं. मायकल रॅम्स्कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवर केलेलं संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातही वस्तू आधी आणि रंग नंतर अशी वाक्यं ऐकलेल्या मुलांना रंगांचे शब्द जास्त चांगले जमले. आपल्याकडे तर ही वाक्यरचना तोंडात असतेच: “तुझा शर्ट बघ, पिवळा आहे.” दिवसभर अशीच बोला.

आणखी एक: काय लाल नाही, तेही दाखवा. “हा लाल. हा लाल. हा लाल नाही.” नुसता लालच लाल दाखवत राहिलं, तर तो शब्द कुठे संपतो, ते कळत नाही. ‘आज लाल दिवस’ म्हणून सगळं घर लाल करून टाकायची हौस असते. दिसायला छान, पण समोर दुसरा रंगच नसेल, तर शिकायला काही उरत नाही.

> सावधान: या टप्प्यात एकही प्रश्न विचारायचा नाही. “सांग बरं?” नाही, “काय म्हटलं मी?” नाही. मूल आपणहून म्हणालं तर हसून मान डोलवा आणि पुढे चला.

## टप्पा ४: नाव ऐकून ओळखणं

१. दोन रंगांचा एकेक ठोकळा समोर, मध्ये हातभर अंतर.

२. “लाल दे.” मुलाने दिला की “हा लाल” म्हणून तो परत जागेवर ठेवा.

३. जागा बदला. “निळा दे.”

४. दोन जमले की तीन ठोकळे मांडा.

‘परत जागेवर ठेवा’ हे मी मुद्दाम सांगितलंय. तीन ठोकळ्यांतला लाल घेतला, मग निळा घेतला, आणि “आता पिवळा दे” म्हटलं, तर उरलेला एकच ठोकळा मूल देणार. त्यात ओळखणं काही नाही, आणि आपण मात्र टाळ्या वाजवतो. मागणीचा क्रमही बदलता ठेवा. कायम लाल-निळा-पिवळा असं विचारलं, तर मूल क्रम पाठ करतं.

याहून फसवी गोष्ट आपल्या डोळ्यांत असते. एका मुलीची आई मला सांगत होती, की घरी तिला सगळे रंग येतात, गटात मात्र एकही सांगत नाही. मी त्यांना माझ्यासमोर खेळायला बसवलं. पाचही वेळा बरोबर. मग मी आईला म्हटलं, “आता लेकीच्या कपाळाकडे बघत विचारा, ठोकळ्यांकडे बघू नका.” मुलीचा हात निघाला, पिवळ्याच्या वर येऊन थांबला, आणि ती मान वर करून आईचे डोळे शोधू लागली. ते सापडेनात, तसा हात हळूच मागे गेला. ती आजवर रंग वाचतच नव्हती, आईची नजर वाचत होती. मुलं यात फार तरबेज असतात. म्हणून विचारताना मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा आणि तुमचा पुढे केलेला हात ठोकळ्यांच्या बरोबर मध्ये ठेवा, कुठल्या एकाच्या जवळ नको.

चुकल्यावर काय? “नाही!” म्हणू नका. “हा पिवळा. निळा हा.” असं शांतपणे दाखवा, दोन्ही जवळ ठेवून पाहू द्या आणि पुढची मागणी त्याला नक्की जमणाऱ्या रंगाची करा. एकाच बैठकीत तीन वेळा चुकलं, तर विचारणं बंद आणि दुसऱ्या दिवशी टप्पा ३. ही शिक्षा नव्हे, उजळणी आहे, आणि मुलाच्या कानावर पडू न देता करायची आहे.

> तपासा: समोर दोन ठोकळे असतील, तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता निम्मी. तीन वेळा सलग बरोबर आलं, तरी ते नशिबाने येण्याची शक्यता ८ मध्ये १ असते. तीन ठोकळे ठेवून सलग तीनदा बरोबर आलं, तर ती शक्यता २७ मध्ये १ वर येते. म्हणून तीन ठोकळे, तीन सलग बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मगच ‘आला’ म्हणा.

हा टप्पा सगळ्यात लांब चालतो. कधी दोन आठवडे, कधी दोन महिने. इथे उड्या मारायचे खेळ आणा. जमिनीवर मोठे रंगीत कागद चिकटपट्टीने पक्के लावा आणि “लाल!” म्हटलं की लालवर उडी. कागद सुटे ठेवले तर पाय घसरतो, म्हणून चारही कडा चिकटवा. बसून कंटाळणारी मुलं यात अर्धा तास रमतात. पण दोन मुलं एकत्र खेळत असतील, तर लहान मूल मोठ्याच्या मागे धावतं, रंगाकडे बघत नाही. तपासायचं असेल तेव्हा एकेकट्याला खेळवा.

## टप्पा ५: नाव सांगणं

आता कुठे तो प्रश्न. आणि तोसुद्धा “हा ठोकळा कुठला?” असा मोघम नको. “याचा रंग कुठला?” असा स्पष्ट विचारा.

ठोकळा पिशवीत लपवा, मुलाला हात घालून एक काढू द्या, आणि बाहेर आल्यावर विचारा. काय निघेल याची उत्सुकता असते, त्यामुळे प्रश्न परीक्षेसारखा वाटत नाही. उलट खेळही खेळा: मूल काढणार आणि तुम्हाला विचारणार. अधूनमधून तुम्ही चुकीचं नाव सांगा. “नाही, निळा!” असं ओरडून सांगणाऱ्या मुलाला तो रंग नक्की आला आहे.

मूल गप्प बसलं, तर दोन पर्याय द्या: “लाल की निळा?” यात एक खोच आहे. बरीच मुलं शेवटचा ऐकलेला शब्दच परत म्हणतात. म्हणून बरोबर उत्तर कधी आधी, कधी नंतर ठेवा.

ओळखता येतं पण बोलता येत नाही, असं काही काळ राहणं नेहमीचं आहे. टप्पा ४ पक्का असेल तर निर्धास्त राहा.

## टप्पा ६: ठोकळ्यांतून घरभर

आता निळी आणि निळं येऊ द्या. निळी वाटी, निळं झाकण, निळे मोजे. “ठोकळा निळा. वाटी निळी. दोघांचा रंग सारखा!” असं दोन्ही हातांत धरून, जवळ आणून दाखवा. मूल “निळा वाटी” म्हणालं तर रंग बरोबर आहे, व्याकरण मागून येईल. “हो, वाटी निळी आहे” असं सहज म्हणा आणि सोडून द्या.

शोधाशोध हा इथला मुख्य खेळ. मुलाच्या हातात लाल चौकोन द्या आणि “याच्यासारखं लाल काय काय आहे?” म्हणून खोलीभर फिरा. हातात नमुना असल्यामुळे चूक त्याची त्यालाच दिसते. पुढे नमुना न देता, नुसतं नाव सांगून शोधायला पाठवा. औषधं, काचसामान, रसायनांच्या बाटल्या हाताला लागतील अशा खोलीत हा खेळ नको, कारण मूल लाल झाकणाची बाटलीही तितक्याच आनंदाने उचलून आणेल.

टबात पाणी घालून रंगीत डबे तरंगवण्याचा खेळही मुलांना फार आवडतो.

> सावधान: काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. टब समोर असताना फोन उचलायलासुद्धा उठू नका, आणि खेळ संपताच पाणी लगेच ओतून टाका.

## टप्पा ७: नवे रंग आणि छटा

तीन रंग पक्के झाले, की चौथा हिरवा. मग काळा, पांढरा. त्यानंतर केशरी, गुलाबी, जांभळा. तपकिरी आणि करडा सगळ्यात शेवटी, ते मुलांना उशिरा जमतात. दर वेळी एकच नवा रंग, आणि त्याच्यासाठी टप्पा १ पासून सगळी फेरी. ही फेरी आता दिवसांत आटोपते.

नवा रंग आणल्यावर मूल हिरव्यालाही ‘निळा’ म्हणेल. ही घसरण नव्हे. ‘निळा’ची हद्द त्याने जरा लांबवर आखली आहे, ती आता आत घ्यायची आहे. हिरवा आणि निळा शेजारी ठेवून “हा निळा, हा निळा नाही, हा हिरवा” असं पाच-सहा वेळा केलं, की हद्द सरकते. हिरवा एकटा दाखवून कितीही वेळा “हिरवा” म्हटलं, तरी ती सरकत नाही.

रंग मिसळण्याचा खेळ या टप्प्यावरच करा, आधी नाही. ज्याला पिवळा आणि निळा अजून ओळखू येत नाहीत, त्याला त्यातून हिरवा झाला यात नवल वाटत नाही. झिपच्या जाड पिशवीत पिवळा रंग जास्त आणि निळा अगदी थेंबभर घाला. गडद रंग फिकटाला चटकन गिळतो. तोंड बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा आणि मुलाला बाहेरून दाबू द्या. रंग मुलांसाठीचे, बिनविषारी असावेत. लाल आणि निळा मिसळून जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी होत असेल, तर तो लाल केशरीकडे झुकणारा आहे. गुलाबीकडे झुकणारा लाल घेऊन पाहा.

छटांसाठी एकाच रंगाचे तीन नमुने पुरेत: गडद, मधला, फिकट. आधी गडद आणि फिकट ही दोन टोकं ठेवायला सांगा, मग मधला. माँटेसरीच्या तिसऱ्या पेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा असतात, एकूण ६३ पाट्या. पण तिथेही सातही छटा एकदम पुढ्यात येत नाहीत.

## अडकलं तर: भाषा की डोळे?

चार वर्षं उलटली, तुम्ही क्रमाने गेलात, तरीही रंग चुकतात. अशा वेळी पुन्हा टप्पा १ कडे या, कारण उत्तर तिथे मिळतं. मूल नावं चुकवतं पण न बोलता जोड्या अचूक लावतं, तर डोळ्यांना फरक दिसतोय, अडचण शब्दांची आहे. टप्पा ३ आणि ४ ला जास्त वेळ द्या. जोड्याच चुकत असतील, आणि त्याही ठरावीक रंगांच्या, म्हणजे लाल-तपकिरी, हिरवा-तपकिरी, निळा-जांभळा, गुलाबी-करडा, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

घरी पाहायचं असेल, तर सारख्याच गडदपणाचे नमुने घ्या. भडक लाल आणि गडद हिरवा यांत उजळपणाचाच इतका फरक असतो, की रंगांधळं मूलही त्यावरून बरोबर जोडी लावतं आणि आपली खात्री उगाच पटते.

लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणं बहुधा जन्मजात असतं. ते एक्स गुणसूत्रावरून येतं, म्हणून मुलग्यांत जास्त आढळतं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे एकाला आणि २०० स्त्रियांमागे एकीला ते असतं. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसत असले, तरी तिच्याकडून ते मुलाकडे येऊ शकतं. आईच्या वडिलांना असं काही होतं का, हे विचारून ठेवा, डॉक्टर ते विचारतील. रंगांधळेपणा तपासायच्या इशिहारांच्या ठिपक्यांच्या तक्त्यांत काही तक्ते असे असतात, की त्यावर आकडा वाचायचा नसतो, नागमोडी वाटेवरून बोट फिरवायचं असतं. म्हणजे आकडे न येणाऱ्या मुलाचीही तपासणी होऊ शकते.

असं निघालंच, तर त्या दिवसापासून रंगांची नावं घोकून घेणं थांबवा. क्रेयॉनवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा, अक्षरं येईपर्यंत प्रत्येक रंगाला एक खूण ठरवा, आणि शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे झाडाचं पान तपकिरी रंगवलं म्हणून त्याला वर्गात कुणी टोकणार नाही.